प्रेमदास मास्तरांचा हात

"फक्त हात वर कराचा, बाबा. वाजवाचं नाई, बोलाचं नाई. एक हात."

"नाई मनलं ना एकदा."

"काऊन पण?"

"हात दुखते."

"कोणता?"

"दोन्ही."

"मघाशी तर जांबाच्या फांदीले दोन्ही हातांनी लोंबकळून राह्यले होते!"

"जांब वेगळे. नागपूर वेगळं."

स्वयंपाकघरातून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला, "मी पस्तीस वर्षं झाले एक हात मागून राह्यली, भांडे घासाले. मले नाई भेटला, तर तिले का भेटन!"

एरवी या बोलण्यावर प्रेमदास मास्तर खोकला येईपर्यंत हसले असते. आज त्यांनी नुसता खाटेवरचा टॉवेल उचलला, त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

जागृती मुंबईहून देवळीला आली होती ती या हातासाठीच. शनिवारी नागपूरच्या मोठ्या सभागृहात तिचा कार्यक्रम होता. ती सॅक्सोफोन वाजवायची. जॅझ. जॅझ म्हणजे काय, हे बसस्टँडमागच्या त्या वस्तीत कोणी विचारायच्या भानगडीत पडत नसे. मास्तरच्या पोरीचा बाजा, एवढ्यात सगळं येत होतं. पण बाहेरच्या जगात तिच्या दुसऱ्या अल्बमने गेले सात महिने नुसता धुरळा उडवला होता. नाव होतं 'चाळीस पावलं'. परदेशातल्या कोण्या जाणकाराने लिहिलं होतं की एवढ्यात भारतातून असं काही कानावर आलं नाही. दिल्लीच्या एक बाई ऐकून रडल्या होत्या आणि आपण रडलो हे त्यांनी पानभर लिहिलं होतं. जागृतीने एकेक मजकूर बापाला मराठी करून ऐकवला. प्रत्येकाचं बोट शेवटी एकाच जागेवर टेकायचं: अल्बमच्या शेवटी असलेलं नऊ मिनिटांचं वादन. सगळी वाद्यं ऐन भरात असतात आणि एकदम थांबतात. मग ऐकू येतात फक्त चालणारे पाय आणि साइड ड्रमच्या कडेवर काडीचे हलके ठोके. चाळीस पावलं. त्यानंतर सॅक्सोफोनचा एक लांब, एकटा सूर.

ती शांतता आली कुठून, हे जागृतीने प्रत्येक मुलाखतीत सांगितलं होतं. "माझे वडील वर्धा जिल्ह्यातल्या एका लग्नाच्या बँडचे मास्तर. वरातीच्या वाटेवर एखाद्या घरी मयत झालेली असली, की ते हात वर करायचे. अख्खा बँड त्या घरापुढून मुक्याने चालत जायचा. दुसऱ्याच्या दुःखाला वाट कशी द्यायची, हे मी तिथे शिकले."

आता तिच्या मनात असं होतं की शनिवारी नेमक्या त्या क्षणी बापाने स्टेजवर यावं आणि हात वर करावा.

"सातशे लोक उभे राह्यतीन, बाबा. तुमच्यासाठी."

"त्यांले बसू दे. खुर्च्यांचे पैसे भरले असन त्यांनी."

"बाबा!"

"नाई."

मास्तरांच्या 'नाई'मागे काय आहे, हे त्या घरात एकट्या मास्तरांना माहीत होतं. वीस वर्षं ते त्यांनी गिळून ठेवलं होतं. गिळलेली गोष्ट अशी गाजावाजा करत, परदेश फिरून, पोरीच्या तोंडून घरी परत येईल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

*

प्रेमदास सोळा वर्षांचा असताना बँडमधल्या रूपरावकाकाने त्याच्या हातात क्लॅरिनेट दिलं होतं. शिकवलं काही नाही. "फुक. मेंढी ओरडली तर चुकलं, बाई रडल्यासारखी वाटली तर बरोबर," एवढाच धडा. तिसाव्या वर्षी प्रेमदास स्वतः मास्तर झाला, अंगावर सोनेरी फितीचा लाल कोट आला आणि गळ्यात कोणीतरी वापरून टाकलेला सॅक्सोफोन. सॅक्सोफोनच्या तोंडाला लागणारी वेताची पट्टी नवी घ्यायची ऐपत नव्हती; दाढीच्या ब्लेडने तासून तासून तीच दोन-दोन मोसम चालवायची. उन्हाळ्यात वराती आणि हिवाळ्यात कापसाच्या जिनिंगवर मजुरी. वराती श्वास मागायच्या आणि जिनिंगमध्ये उडणारं कापसाचं तूस तो श्वास खाऊन टाकायचं. पुढे डीजे आले, ढोलताशांच्या धुमाल पार्ट्या आल्या, आणि एका वर्षी एकही वरात मिळाली नाही. कोट ट्रंकेत गेले. सॅक्सोफोन जागृतीने घेतला. सातव्या वर्षापासून तो तिच्याच हातात असायचा म्हणा.

पाच वर्षांपूर्वी तिचा पहिला अल्बम आला तेव्हा तिने मोठ्या हौसेने मोबाइल बापाच्या कानाला लावला होता. मास्तरांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"चांगलं आहे. कोणाचं आहे?"

"माझं आहे, बाबा!"

"असं का? मले वाटलं कोण्या मोठ्या हॉटेलातलं आहे."

ते बोलणं तिला लागलं. दोन महिने तिने फोन केला नाही. तो अल्बम तसाही कोणी ऐकला नाही. पण दुसरा अल्बम तिने या एका टोमण्यावर रचला: हॉटेलातलं नाही, बापाच्या मागे कोटाचं टोक धरून चाललेल्या रस्त्यावरचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बँडबरोबर गावोगाव फिरायची. आठ वर्षांची असताना तिने पाहिलं होतं, बापाचा हात वर जातो, सगळं थांबतं, आणि घोडीवरचा नवरदेव खाली उतरून एका घरापुढे हात जोडतो. ते तिच्या आत रुतून बसलं होतं. तेच तिने वाजवलं.

फक्त ते तसं नव्हतं.

नदीपलीकडच्या त्या गावाचं नाव मास्तर कधी घेत नसत. चौऱ्याण्णव साली तिथल्या बौद्धवस्तीची वरात घेऊन ते पारापाशी पोचले, तर पारावरचे चौघे उठून आडवे आले. बाजा बंद. पारालगतच्या निळ्या दाराच्या घरापासून गल्लीच्या त्या टोकापर्यंत. लहानू ट्रम्पेट वाजवत होता. त्याला ऐकू आलं नाही, की ऐकून त्याने मुद्दाम सूर ओढला, हे कधी कळलं नाही. चौघांतल्या एकाने ट्रम्पेटच्या तोंडावर उलट्या हाताची थाप मारली. धातू आत गेला. लहानूचे पुढचे दोन दात त्याच्याच हातात पडले. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात म्हणजे त्याची भाकर. लहानूने पुढची सगळी वर्षं झांज वाजवली.

दोन महिन्यांनी निळ्या दाराच्या घरचं लग्न निघालं आणि त्यांनी हाच बँड बोलावला. त्याच दारापुढे मास्तरांच्या माणसांनी दोन तास वाजवलं. थाप मारणारा जीव तोडून नाचला. लहानू झांज वाजवत राहिला.

त्यानंतर मास्तर स्वतःच हात वर करू लागले. पार यायच्या आधीच. कोणाला आडवं यावं लागू नये, एवढ्यासाठी. मग दुसऱ्या गावांतही. पार दिसला, त्यावर चार टाळकी दिसली, की हात वर. वस्तीतल्या वरातीतल्या कोणी विचारलं, "काऊन बंद केलं मास्तर?" तर उत्तर तयार असायचं: या घरी मयत झाली. मयतीपुढे कोणी वाद घालत नाही.

*

"बरं, राहू द्या," जागृती अखेर म्हणाली. "चार वाजता योगेंद्रकाका येऊन राह्यले. तेच समजावतीन तुमाले."

टॉवेल मास्तरांच्या हातातच राहिला. "कोणता योगेंद्र?"

"नदीपलीकडच्या तानबाजींचा पोरगा. पिपरी मेघेले राह्यते ते, शिक्षक आहेत. त्यांच्याच लग्नातलं तर आहे ना सारं! मी शोधून काढलं त्यांले."

मास्तर उठले. खुंटीवरचा शर्ट काढला.

"कोठी चालले?"

"कारंज्याले."

"कारंज्याले? दोन गाड्या बदलून? तठी का काम आहे तुमचं?"

"असते माणसाले काम."

"एका बाहीत दोन हात घालून राह्यले तुमी," अन्नपूर्णाबाई दारातून म्हणाल्या. "बसा खाली. पाव्हणा येऊन राह्यला, अन् हे चालले कारंज्याले!"

शर्टाच्या बाहीशी झटापट चालू असतानाच फाटकाशी मोटरसायकल थांबली.

"जय भीम मास्तर! ओळखलं का? घोडीवरचा नवरदेव!"

योगेंद्र आता पंचेचाळिशी ओलांडलेला, भरल्या अंगाचा, खोचलेल्या शर्टाचा गुरुजी झाला होता. बूट काढून तो आत आला आणि मास्तर नको नको म्हणत असताना त्यांच्या पाया पडला. मास्तरांनी पाय मागे घेतले, पण खाटेला लागून जागाच नव्हती.

"जागृतीताई, का सांगू तुमाले! आमच्या आचलनं घरी लावलं ते. माही पोरगी, बारावीले आहे. मधातच बंद पडलं तवा मी मनलं, मोबाइल गेला वाटते. अन् मंग ते पावलं आले. अंगावर काटा आला. मी मनलं, आचल, हे माहं लगन आहे!"

जागृतीचा चेहरा उजळला. "काका, तुमाले किती आठवते त्यातलं?"

"किती? सारंच! आमच्या वस्तीतला घोडीवर बसलेला पहिला नवरदेव मी. बाबाले घाम फुटलता, पण मी मनलं, बसीन तर घोडीवरच. पारापाशी आलो अन् मास्तरनं हात वर केला. चुप. सारं चुप. मी इचारलं, काऊन बंद केलं मास्तर? हे मनले, या घरी मयत झाली." योगेंद्रने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "निळं दार. त्या घरानं आमाले का दिलं, ते अख्ख्या वस्तीले माहीत. पण मी मनलं, आज त्यांच्याकडचं माणूस गेलं. थांबवा घोडी. बाबा मने, बस बस वर. मी नाई ऐकलं. उतरलो, फेटा काढला, हात जोडले. दाराले कुलूप होतं. मी मनलं, सारे घाटावर गेले असन. अन् मंग त्या टोकापर्यंत पाईच गेलो. नवरदेव, अन् पाई!"

"मी पाह्यलं होतं, काका," जागृती हळूच म्हणाली.

"ताई, मी वर्गात पोरायले दरवर्षी सांगतो हे. आपल्याले त्यांनी कधी मान नाई देला, पण त्या दिवशी आपण त्यांले देला. माह्या जिंदगीत बाकी का केलं? नोकरी केली, घर बांधलं, ते सारेच करते. हे एक केलं." तो मास्तरांकडे वळला. "अन् तुमी शनिवारी येत नाई मनता? तुमच्या हातानं तर घडलं ते."

मास्तर खाली पाहत होते. बाहीत अडकलेला हात त्यांनी तसाच ठेवला होता. हो म्हणायचं, शनिवारी जायचं, हात वर करायचा, सातशे लोक उभे राहतील, फोटो निघेल, आणि सगळं कायमचं तसंच राहील. समोर बसलेल्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तशीच राहील. एका शब्दाचं काम होतं.

"योगेंद्र."

"हाव, मास्तर."

"कोणी मेलं नव्हतं."

योगेंद्र हसला. बोलणं पोचलंच नव्हतं. "का?"

"त्या घरी कोणी मेलं नव्हतं. मी खोटं बोललो."

अन्नपूर्णाबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. "अवो, का बोलून राह्यले?"

"तू अंदर जाय."

त्या गेल्या नाहीत.

"मंग कुलूप?" योगेंद्रने विचारलं.

"त्यांच्या घरचं लगन होतं त्या दिवशी. आर्वीकडे कोठीतरी. सारी गल्ली तठीच गेलती. मले मागून समजलं."

"अन् पारावर?"

"एक बकरी होती."

कोणी हसलं नाही.

"मंग तुमाले बंद कराले मनलं कोणी?"

"कोणीच नाई."

"कोणीतरी मनलं असन, मास्तर. आठवा."

"आधी मनत. लहानूचे दात पाडले तवापासून मी त्यांले मनू देत नव्हतो. आपलाच हात वर करत होतो." आवाज बसका होता, पण मास्तर थांबले नाहीत. "त्या दिवशी सकाळी तुह्या बापानं माहे दोन्ही हात धरले. मने, पोराची हौस आहे, सांभाळून घेजो. तू घोडीवर. मले रस्ताभर लहानूचं तोंड दिसत होतं. पार आला अन् हात वर गेला. गेला मंजे, मी केला नाई, गेला. मंग पाह्यलं, तर पार रिकामा. गल्ली रिकामी. पण सारे वाजवाचे थांबलते. आता हात खाली घेऊन का सांगू? मास्तर भेला मनून सांगू? तेवढ्यात तू इचारलं."

जागृतीने तोंडावर हात घेतला होता.

"मी उतरलो तवा तरी सांगाचं होतं," योगेंद्र म्हणाला. आता त्याचा आवाज वर्गातल्या गुरुजीचा राहिला नव्हता.

"हाव."

"तुमी माह्याकडेच पाहून राह्यले होते."

"हाव."

"मी फेटा काढला."

"हाव, बापू."

"त्यांच्या दाराले."

मास्तर बाहीत अडकलेला हात ओढू लागले.

"बाबा," जागृती म्हणाली, "मी आठ वर्षांची होती. त्याच दिवशी घरी येऊन मी तुमाले इचारलं होतं, कोण मेलं त्या घरी? तुमी मनले, एक म्हातारी. नाव सांगितलं. सगुणाबाई. तिले का आवडत होतं तेही सांगितलं."

"तू झोपत नव्हती. रडत होती त्या म्हातारीसाठी."

"मी तिच्यासाठी वाजवलं, बाबा! तो शेवटचा सूर... मी जगभर सांगत फिरली!"

"मी तुले सांगतलं होतं का सांगत फीर मनून? आठ वर्षांच्या पोरीले का सांगू मी? का तुह्या बापाचा हात असा आपोआप वर जाते?"

जागृती उठली. खिडकीपर्यंत गेली, वळली, परत आली. डोळे वाहत होते. पण त्या वाहत्या डोळ्यांत मास्तरांना एक वेगळीच गोष्ट दिसली. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. लहानपणी एखादी चाल अवचित सापडली, की पोरगी अशीच बघायची. समोर कोण आहे, काय चाललंय, काही दिसायचं नाही तिला.

"शनिवारी हेच सांगू," ती म्हणाली. घाईत तिची भाषा मुंबईकडे सरकली. "मयतीचं नाही. हे. रिकामा पार, कुलूप, आणि तरी थांबलेला बँड. चाळीस पावलं, आणि समोर कोणीच नाही. बाबा, हे तर त्याच्यापेक्षा कितीतरी..."

शब्द तिने आवरला. पण खोलीतल्या प्रत्येकाला तो ऐकू गेला.

"जागृती, बस खाली," मास्तर म्हणाले.

"नाही बाबा, खोटं मी आता वाजवू शकत नाही. खरंच वाजवावं लागेल." ती योगेंद्रसमोर गुडघ्यांवर बसली. "काका, तुम्ही याल? हे तुमचंच आहे. तुम्ही फक्त उभे राहा आणि घोडीवरून कसे उतरलात तेवढं सांगा. बाकी मी वाजवेन. लोकांना कळलं पाहिजे ना?"

योगेंद्र तिच्याकडे पाहत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. वर्ग सुटल्यावर फळा पुसून झालेल्या माणसासारखा तो दिसत होता. तो उठला.

"योगेंद्र, शिवी दे मले," मास्तर म्हणाले. बाहीत अडकल्या हातासकट तेही उभे राहिले. "बापाची जागा आहे मनून चुप नको राहू. काही तरी बोल."

"भाऊ, चहा तरी..." अन्नपूर्णाबाई कप घेऊन पुढे झाल्या.

तो पायरीवर बसला आणि त्यांच्याकडे पाठ करून बूट घालू लागला. एका बुटाची लेस सुटली होती. ती त्याने बांधली, सोडली, पुन्हा नीट ओढून बांधली. त्याच्या मानेवर घामाने ओली झालेली कॉलर चिकटली होती. आतली तिघं त्या कॉलरकडे बघत उभी होती.

"काका," जागृतीने पुन्हा विचारलं, "याल ना?"

योगेंद्र उठला, फाटक उघडून मोटरसायकलवर बसला आणि निघून गेला.